डाव्या खांद्यावरची पाकळी

आमच्या देवळात तो भलामोठा टीव्ही यावा म्हणून कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत मोठ्यानं कोण भांडलं असेल, तर ती मी. बायकांनी मीटिंगमध्ये बोलायची पद्धत नाही, असं अध्यक्ष कृष्णनाथ म्हणाले. मी म्हटलं, "मग कौलाच्या वेळी छत्र्यांनी एकमेकांना बडवायची पद्धत आहे काय?" सगळे गप्प बसले, कारण ज्यांनी बडवलं ते आणि ज्यांनी खाल्लं ते समोरच बसलेले होते.

आमच्या कोरगावात, आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, काही ठरवायचं असलं की देवाला कौल लावतात. लग्न असो, विहीर असो, घराचा पाया असो. भटजी देवाच्या काळ्या मूर्तीवरचा शेला, हार सगळं उतरवतात, मूर्ती ओली करतात आणि दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी आधी पडली तर नकार. इतकं साधं. पण आमच्या गाभाऱ्याचं दार केवढं, तर दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढं. आत समईचा उजेड. एक म्हणायचा उजवी पडली, दुसरा म्हणायचा, मेल्या, डोळे तपासून घे. सगुणच्या विहिरीच्या कौलाला तर मधुकर भटजींनाच कुणीतरी ढकललं. म्हातारा माणूस. ते म्हणाले, यापुढे मी पाकळ्या लावीन आणि बाजूला डोळे मिटून बसेन, काय पडलं ते तुमचं तुम्ही बघा, माझ्यावर बालंट नको.

म्हणून टीव्ही. ही कल्पना माझ्या अमोलची. माझा म्हणजे माझ्या भावाचा, जयरामदादाचा मुलगा. त्याची आई तो रांगत असताना गेली आणि दादा सुर्ल्याला खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. अमोलला वाढवला तो मी. लग्न केलं नाही ते काही त्याच्यासाठी नव्हे, उगाच कशाला मोठेपणा घेऊ, माझं जुळलं नाही. पण त्याला गोवर आला तेव्हा उशाशी मी होते, नापास झाला तेव्हा दादाचा मार मी अंगावर घेतला, आणि म्हापशाच्या टीव्हीच्या दुकानात मेकॅनिक म्हणून लागला तेव्हा वाड्यावर पेढे मी वाटले. मला तो आत्ये म्हणायचा, पण हाक आईला मारावी तशी मारायचा.

"आत्ये, गाभाऱ्यात कॅमेरो लावया आणि भायर मंडपात मोठो प्लाझ्मा," तो म्हणाला. "देव सगळ्यांका सारखोच दिसतलो. मगे झगडां कित्याक?"

प्लाझ्मा हा शब्दच तेव्हा नवा होता. घरोघरी अजून ते ढेरपोटे टीव्ही होते. हा आला तो चार माणसांनी उचलून, बाजेएवढा रुंद आणि पाटासारखा चपटा. पहिल्या दिवसापासून त्याचे लाडच लाड. दुपारचं ऊन काचेवर पडलं की देवाऐवजी बाहेर लावलेल्या स्कूटरी दिसायच्या, म्हणून मंडपाला हिरवा पडदा शिवला. कोरगावची वीज कधी कशी येईल याचा नेम नाही, म्हणून स्टॅबिलायझर आणला. तरी तो असा तापायचा की पाठीमागे हात ठेववत नसे. सगुणनं विचारलं, "किती वर्सां टिकतलो रे ह्यो?" अमोल म्हणाला, "तुमचे नातू बघतले." सगुणला तेव्हा जावईसुद्धा नव्हता, पण तो खूश झाला.

आणि खरं सांगते, सुरुवातीला तो पडदा आमच्या उपयोगी पडला. पहिल्याच कौलाला डावी पाकळी पडली. मंडपातल्या सगळ्या माणसांनी ती पडताना पाहिली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मी अमोलकडे बघून मान हलवली. तो अभिमान आता आठवला की माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग जत्रा आली. त्या वर्षी पालखीच्या नव्या वाटेसाठी कौल लावला होता. उजवी पडली, होकार झाला, सगळं ठीक. पण डावी पडेना. भटजींच्या हातून चंदन जास्त लागलं होतं की काय, ती अंगाला घट्ट बसली. आमच्याकडची रीत अशी, की देवाच्या अंगावरची पाकळी हातानं काढायची नाही. ती आपण होऊन पडायला हवी, आणि ती पडेपर्यंत देवावर शेलासुद्धा घालायचा नाही. मग जत्रेचा अख्खा आठवडा देव तसाच, डाव्या खांद्यावर ती एक पाकळी घेऊन. आणि मंडपातला पडदा रात्रंदिवस पेटलेला.

अमोल कृष्णनाथांना म्हणाला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "रातीचो तरी बंद करूया. एकच चित्र इतको वेळ ठेवचा नसता."

कृष्णनाथ भडकले. "पाकळी आंगार असताना देवाक बंद करतलंस? डोक्या ठिकाणार असा मां तुझा?"

आम्हीही सगळे कृष्णनाथांच्याच बाजूचे. देव म्हणजे काय बल्ब आहे, की झोपताना मालवला? लोक लांबून यायचे आणि मंडपातच पडद्याला हात जोडून जायचे. गाभाऱ्याकडे फिरकायचेही नाहीत. जत्रा संपली तेव्हा कधीतरी ती पाकळी पडली.

त्यानंतर मात्र देव आमच्यावर प्रसन्नच झाला. लावावा तो कौल उजवा. कुणाच्या मुलीचं लग्न विचारलं, उजवा. कुणी पोराला आखाती देशात पाठवू का विचारलं, उजवा. एकानं तर बायकोशी कायमचं वेगळं राहू का म्हणून विचारलं, तोही उजवा! नव्या वाटेनं पालखी नेली म्हणून देव पावला, असं कृष्णनाथ सांगत सुटले. उजवी पडली रे पडली की अमोल पुढे होऊन पडदा बंद करायचा. तापतो, म्हणायचा. जत्रेसारखा घोळ पुन्हा नको म्हणून कमिटीनंही ते मान्य केलं होतं. एरवी आरतीला देव हारांत आणि शेल्यात झाकलेला. उघडा दिसायचा तो कौलापुरताच.

आता माझं सांगते.

डोंगराच्या उतारावर आमचं भाट होतं. भाट म्हणजे काजूची बाग, बाबांनी लावलेली. बाबा गेले, दादा खाणीवर गेला आणि भाट माझ्या अंगावर पडलं. गवत मी कापलं. वणवा वर चढू नये म्हणून दर वर्षी भोवतीचा पट्टा मी जाळून ठेवला. बोंडू मी वेचले, बिया मी वेगळ्या केल्या, माकडांवर दगड मी मारले. लोकांच्या बायका संध्याकाळी पारावर बसायच्या, मी भाटात बसायची. कुठल्या झाडाला मोहर कधी येतो, हे मला माझ्या गुडघेदुखीपेक्षा जास्त ठाऊक होतं. या जन्मात हे माझं म्हणून बोट दाखवावं, अशी तेवढीच एक गोष्ट होती.

आणि त्या उतारावरून समुद्र दिसतो. हे आम्हाला काही कौतुकाचं नव्हतं, पण बाहेरच्या एका पार्टीला होतं. त्यांना तिथं बंगले बांधायचे होते. दादाच्या तोंडाला पाणी सुटलं. अमोलला म्हापशात स्वतःचं दुकान काढायचं होतं, मोठ्या पडद्यांचं. फक्त माझी सही हवी होती. गोव्यात बापाच्या मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क, त्यामुळे माझ्याशिवाय पान हलणार नव्हतं.

"ह्या वयात डोंगर चढतलंस किती?" दादा म्हणाला.

"तुझ्या खांद्यार बसान चढतंय काय मी? पाय माझे, डोंगरय माझो."

दादा आता खाण सोडून घरीच होता, त्यामुळे घरात रोज तेच. दादा ताटावरून उठायचा, मी भांडी आपटायची. अमोल मात्र एक शब्द बोलत नसे. एकदा तो म्हापशाहून माझ्यासाठी उंडे घेऊन आला, मला आवडतात तसे कडक पाव, आणि माझ्यापाशी चुलीपुढे बसला.

"आत्ये, तू नको म्हणशीत तर नको. माका दुकान नाय झाला तरी चलात. पण रोज घरात ह्यां झगडां कित्याक? देवाक विचारूया. डावी पडली तर मी परत नाव काढूचंय नाय, बाबांकाय काढूक दिवचंय नाय."

मला भरून आलं. म्हटलं, बघा, हा माझ्या हातचा. दादासारखा हावरा नाही, न्यायानं वागणारा आहे. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. उजवी पडली तर सही करीन, असा देवासमोर नारळ ठेवून शब्द दिला.

कौलाच्या दिवशी मंडप भरलेला. आमच्या भाटाचं काय होतं ते बघायला वाडा लोटला होता. भटजींनी पाकळ्या लावल्या, बाजूला सरले आणि डोळे मिटून बसले. अमोल गाभाऱ्याच्या दारात कॅमेऱ्यापाशी उभा होता. पडद्यावर देवाचा काळा चकचकीत खांदा, त्यावर पांढरी पाकळी. दुसऱ्या खांद्यावर दुसरी. मी पहिल्या रांगेत होते. मी मनात म्हटलं, देवा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. नवरा मागितला नाही, मूल मागितलं नाही. एवढी झाडं ठेव माझी.

डाव्या पाकळीवरून मी नजर हलवली नाही. मध्येच ती किंचित फिकी पडल्यासारखी वाटली. म्हटलं, माझ्याच डोळ्यांत पाणी आलंय. पदरानं डोळे पुसून बघितलं तर ती तिथंच होती. आणि मग उजवी सरकली, आणि पडली.

"उजवो! उजवो!" सगळा मंडप ओरडला. घंटा वाजली. अमोलनं पडदा बंद केला, येऊन माझ्या पाया पडला. मीच त्याला उठवलं, मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "देवाची इच्छा, बाबा. तू थोडंच काही केलंस?"

पेडण्याच्या कचेरीत जाऊन मी सही केली. पावसाळा सरल्यावर भाटात मशीन शिरलं. झाड पडताना मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. काजूचा होत नाही, ते बुटकं झाड. मशीनचाच आवाज होतो. मी घरात बसून तो ऐकला आणि स्वतःला समजावलं, की देवच विका म्हणाला तर माणसानं रडू नये.

नंतर सगुणच्या धाकट्या मुलीचं, सोनालीचं स्थळ जमत आलं. तिच्या कौलाला मी गेले. पोरगी मला आवडते, हसरी आहे. पाकळ्या लावल्या, भटजी डोळे मिटून बसले, सगुणची बायको मंडपात देवाचं नाव घेत होती. आणि ऐन वेळी पडद्यावरचं चित्र फट्‌कन गेलं. गाभाऱ्यातली वायर उंदरानं कुरतडली होती, ते मागाहून कळलं. देव गेला, समई गेली, सगळा पडदा निळा झाला. नुसता निळा.

पण डावी पाकळी गेली नाही.

त्या निळ्यावर ती होती. मळकट, पण शेंड्यापासून देठापर्यंत पुरी पाकळी, जिथं असायची तिथंच. तिच्यामागे देवाच्या खांद्याची अंधुक रेघ आणि चांदीच्या डोळ्यांचे दोन ठिपके. तेवढ्यात आतून भटजींचा आवाज आला, "काय झालां रे? वरडत कित्याक नाय कोण? हय दोनय पाकळ्यो खाली पडल्यो!"

दोन्ही खाली. आणि आमच्यासमोर एक वर.

ती पाकळी देवाच्या अंगावर नव्हतीच. ती काचेत होती. जत्रेत आठवडाभर एकच चित्र पेटतं ठेवलं, ते काचेत जळून बसलं होतं. तेव्हापासून देवाच्या खांद्यावरची डावी पडली तरी आम्हाला ती पडताना दिसणारच नव्हती. उजवी कधी ना कधी पडायचीच, आणि आम्ही ओरडायचो. देव काय म्हणतोय ते आम्ही कुणीच बघत नव्हतो.

"अरे, हा टीव्हीचा डाग आहे!" मी उभी राहून ओरडले. "काचेवर आहे ती! इतके दिवस आपण डागाला कौल लावतोय!"

कुणी ऐकेल तर शपथ. कृष्णनाथांनी तर तोपर्यंत जमिनीवर लोटांगण घातलं होतं. वायर तुटली तरी देव दिसतोय, म्हणजे साक्षात्कारच की! बायका ओवाळायला निरांजन शोधू लागल्या. मी पडद्यापाशी जाऊन त्या पाकळीवर बोट ठेवलं, तर चारपाच जणांनी मला मागे ओढलं. सगुणची बायको हात जोडून माझ्या कानाशी म्हणाली, "पदूताय, तुझ्या पाया पडतंय, गप रव. माझ्या थोरलीचा लगीन ह्याच कौलार झालां. तिका आता दिवस गेलेत." मग मी भोवती बघितलं. ज्याच्या त्याच्या तोंडावर तेच होतं. कुणाची सून त्या उजव्यावर आली होती, कुणाचा मुलगा त्या उजव्यावर परदेशी गेला होता. डाग म्हटला तर सगळ्यांचीच घरं उसवणार. त्यापेक्षा साक्षात्कार बरा.

एकच माणूस होता ज्याला यातलं कळत होतं. मी त्याला गर्दीत शोधलं. "अमोल, तू सांग यांना. तू मेकॅनिक आहेस. सांग हे काय आहे ते."

अमोलनं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं पडद्याकडे बघून हात जोडले.

"मी काय सांगू, आत्ये? देवाचो महिमा तो."

मी तिथून निघून घरी आले. कशी आले ते आठवत नाही. वाटेत कुणीतरी हाक मारली, मी थांबले नाही. सोमवार होता, मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी शिजवून ठेवल्या होत्या. मी चुलीपुढे बसून राहिले. थोड्या वेळानं अमोल आला, पाय धुतले आणि नेहमीसारखा पाटावर बसला. मी वाढलं. हाताला सवय, दुसरं काय.

"तुका केदवापासून ठावक होतां?" मी विचारलं.

त्यानं भात कालवला. "जत्रा झाली तेवांच. दुकानातलो मोठो मेकॅनिक येवन बघून गेलो. म्हणालो, जळलां ह्यां, आता पडदो बदलूक होयो. कमिटीक सांगलां असतां तर माकाच धरलो असतो. टिकतलो म्हणान मीच सांगलेलां मां."

"आणि माका कौल लाव म्हणालंस, तेवां?"

तो जेवत राहिला. मग म्हणाला, "तू माझा ऐकला नसतंस, आत्ये. बाबांचाय नाय. देवाचा ऐकतलंस, म्हणान मगे…"

देवाचं. मला इतका संताप आला की हातातली पळी त्याच्या डोक्यात घालावी. पण मला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायची भीती वाटत होती. देव उजवाच बोलला असेल, असं मी वाटभर स्वतःला सांगत आले होते. तसंही असू शकतं. तसं असेल तर झाडं देवानं घेतली, यानं नव्हे. तेवढं कळलं तर मी याला आज ना उद्या पोटात घालीन. घालीनच, माझंच पोर आहे.

"त्या दिसा खंयची पडली होती आधी? तू बघलंस?"

"कॅमेऱ्याक बारीक पडदो आसता," तो म्हणाला. "तेच्यार दिसता."

"खंयची, अमोल?"

त्यानं खोटं बोलायला हवं होतं. एवढं सगळं केलं, मग आणखी एक खोटं काय जड होतं? मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. उजवी म्हण रे, मनात म्हणत होते, उजवी म्हण.

"डावी," तो म्हणाला. "लावल्या लावल्या पडली."

आणि ताट पुढे सरकवून म्हणाला, "मुगागाठी आणखी वाड थोड्यो. बऱ्यो झाल्यात."